जुन्या केबिन नौकेच्या अंतर्भागाचे नूतनीकरण

जुन्या केबिन नौकेच्या अंतर्भागाचे नूतनीकरण म्हणजे दीर्घकाळ वापरात असलेल्या अथवा काही काळ पडून राहिलेल्या केबिनयुक्त नौकेच्या आतील भागाची तपासणी करून कुजलेले, गंजलेले किंवा धोकादायक झालेले भाग बदलणे आणि नौका पुन्हा वापरास योग्य करणे होय. या कामात आतील फळ्या, बरगड्या, केबिनची जमीन व छत, आसने, झोपण्याचे फळके, खिडक्या, विजेच्या तारा, इंधनाच्या नळ्या आणि रंगकाम यांचा समावेश होतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हे काम प्रामुख्याने लाकडी प्रवासी लाँच आणि यांत्रिक मासेमारी नौका यांच्यावर केले जाते. वरवर सजावटीचे वाटणारे हे काम प्रत्यक्षात नौकेच्या मजबुतीशी, स्थैर्याशी आणि त्यातील माणसांच्या जिवाशी निगडित असते.

स्वरूप आणि व्याप्ती

केबिन नौका म्हणजे जिच्या कवचावर किंवा डेकवर छत, भिंती आणि दार असलेली बंदिस्त खोली बांधलेली असते अशी नौका. प्रवासी लाँचमध्ये केबिनचा उपयोग उतारूंना बसण्यासाठी व सारंगाला नौका चालवण्यासाठी होतो. मासेमारी नौकेत केबिन हेच तांडेल व खलाशांचे अनेक दिवसांचे घर असते. झोप, स्वयंपाक, बिनतारी संच, नकाशे आणि जीवरक्षक साहित्य यांची सोय तेवढ्याच जागेत करावी लागते. त्यामुळे घराच्या अंतर्गत सजावटीचे नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. नौकेच्या आत जवळजवळ एकही रेषा सरळ नसते. नौका हलती असल्याने ओळंबा आणि पाणसळ ही सुताराची नेहमीची साधने पाण्यावर निरुपयोगी ठरतात. मापे नौकेच्या स्वतःच्या मध्यरेषेवरून घ्यावी लागतात आणि प्रत्येक फळीसाठी पुठ्ठ्याचा अथवा पातळ प्लायवूडचा फर्मा कापून तो जागेवर बसवून पाहावा लागतो.

पनवेल–उरण परिसरातील पार्श्वभूमी

पनवेल हे खाडीवरील जुने बंदर आहे. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाल्यानंतर मुंबईहून होडीने पनवेलला उतरून पुढे रस्त्याने पुण्यास जाण्याचा मार्ग रूढ झाला. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर या जलमार्गाचे महत्त्व कमी झाले. पनवेल तालुक्यातील कोन हे गाव आज महामार्ग आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग यांच्या परिसरात असून पूर्वी खाडीतून होणारी वाहतूक आता प्रामुख्याने याच रस्त्यांवरून होते.

तरीही पनवेल खाडीपासून उरणपर्यंतच्या किनाऱ्यावर नौकांशी जोडलेले जीवन टिकून आहे. उरण तालुक्यातील मोरा येथून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यापर्यंत प्रवासी लाँच चालतात, करंजा हे मासेमारीचे मोठे केंद्र आहे, आणि मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरी व मांडवा येथे जाणाऱ्या नौकांमध्ये लाकडी बांधणीच्या लाँचची संख्या लक्षणीय आहे. अशा नौकांचे कवच चांगल्या देखभालीत अनेक दशके टिकते. केबिनचा अंतर्भाग मात्र त्या मानाने लवकर खराब होतो, आणि म्हणूनच एका नौकेच्या आयुष्यात नूतनीकरणाचे प्रसंग अनेकदा येतात.

हंगामाचा प्रश्न

महाराष्ट्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर साधारणतः १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते. मांडव्याकडील लाँचसेवाही पावसाळ्यात बंद ठेवली जाते. उधाणाच्या भरतीला नौका खाडीकाठी वर घेऊन तिला दोन्ही बाजूंनी टेकू दिले जातात आणि दुरुस्ती हाती घेतली जाते.

या व्यवस्थेत एक मूलभूत अडचण आहे. नौका मोकळी असते तेव्हाच पाऊस असतो, आणि लाकूड वाळण्यासाठी लागणारे कोरडे हवामान असते तेव्हा नौका कमाईवर असते. ओल्या लाकडावर लावलेला रंग किंवा राळेचा थर नीट धरत नाही, शिवाय आतली ओल कोंडली जाऊन कुज वाढते. यासाठी अनुभवी नाखवे कामाची विभागणी करतात. लाकडाचे सांधे, यंत्र आणि तारा यांची कामे पावसाळ्यात ताडपत्रीच्या आडोशाला केली जातात, तर केबिनचे अस्तर व अखेरचे रंगकाम मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत थोडे दिवस काढून उरकले जाते. बुडणारी मजुरी आणि बुडणारा मासेमारीचा हंगाम यांचा हिशेब करूनच हा निर्णय घ्यावा लागतो. घाईने बंद केलेली ओली केबिन काही वर्षांतच पुन्हा उघडावी लागते.

तपासणी

नूतनीकरणाची सुरुवात तपासणीपासून होते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांहून अधिक राहिला, की कुजविणाऱ्या बुरशीला पोषक स्थिती निर्माण होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी या दृष्टीने अधिक घातक असते. खारे पाणी बुरशीची वाढ रोखते. याउलट पाण्याखालील भागाला खाऱ्या पाण्यातील तेरेडो या मृदुकाय प्राण्यापासून धोका असतो. तो अळीच्या अवस्थेत सूक्ष्म छिद्रातून लाकडात शिरतो आणि आतून पोखरत जातो. म्हणून केबिनमध्ये कुज शोधताना नजर प्रथम वर वळवावी लागते. खिडक्यांच्या चौकटी, छत व भिंतीचा सांधा, डेकमधून आत आलेले बोल्ट आणि आसनांच्या पेट्यांचे कोपरे ही पावसाचे पाणी मुरण्याची नेहमीची ठिकाणे होत.

तपासणीची पद्धत साधी आहे. टोकदार अवजार लाकडात सहज घुसले किंवा हातोडीच्या टोल्याला टणक नाद न येता बद्द आवाज आला, तर तो भाग संशयास्पद समजतात. लोखंडी खिळ्यांभोवती काळे पडलेले लाकूड, फुगलेला प्लायवूड, सुटलेला रंग आणि बंद पेटीतील कुबट वास ही इतर लक्षणे होत. सजावटीच्या फळ्या काढल्याशिवाय तपासणी पूर्ण मानली जात नाही. बरगड्यांची खरी अवस्था त्यांच्यामागेच दडलेली असते. पठाण, म्हणजे नौकेचा तळाचा कणा, आणि त्याला जोडलेल्या बरगड्या खराब निघाल्यास अंतर्भागाचे काम थांबवून आधी कवचाची दुरुस्ती केली जाते.

कामाचा क्रम

कामाचा क्रम चुकल्यास झालेले काम पुन्हा उखडावे लागते. सर्वसाधारणतः पुढील क्रम पाळला जातो.

१. केबिन पूर्ण रिकामी करणे, काढलेल्या प्रत्येक भागावर खूण करणे आणि छायाचित्रे घेणे.
२. आतील भाग धुऊन तेल व मीठ काढणे आणि हवा खेळती ठेवून वाळवणे.
३. छत, खिडक्या व डेकच्या सांध्यांतील गळती बंद करणे.
४. बरगड्या, तुळया व फळ्यांतील कुजलेले भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापून नवे तुकडे जोडणे.
५. लाकडाला संरक्षक द्रव्य व प्राथमिक रंग देणे.
६. विजेच्या तारा, पाण्याच्या व इंधनाच्या नळ्या टाकणे.
७. उष्णतारोधक थर, अस्तर, जमीन आणि आसने बसवणे.
८. रंगकाम करून पाण्यावर चाचणी घेणे.

गळती बंद होण्यापूर्वी अस्तर बसवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. दुसरी चूक म्हणजे बरगड्यांच्या तळाशी असलेल्या पाणवाटा बुजवणे. या छोट्या छिद्रांतून आत आलेले पाणी तळातील सर्वांत खोल भागाकडे वाहत जाते आणि तेथून पंपाने उपसले जाते. लाकडाचे तुकडे, भुसा किंवा रंगाचे थर यांनी ती बंद झाल्यास पाणी प्रत्येक खणात साचून राहते.

अस्तर आणि कवच यांच्यामध्ये हवेसाठी पोकळी ठेवतात. आतील फळ्या एकमेकींना घट्ट न भिडवता त्यांच्यात फट राखली जाते, आणि आसनांच्या पेट्यांना व कपाटांच्या दारांना जाळीदार छिद्रे दिली जातात. जमिनीच्या फळ्या सहज उचलता येतील अशाच बसवाव्या लागतात. भर समुद्रात गळती झाल्यास तिचे ठिकाण शोधण्यासाठी तळापर्यंत हात पोहोचणे आवश्यक असते.

साहित्य

साग हे केबिनच्या कामासाठी सर्वाधिक पसंतीचे लाकूड आहे. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते ओल व कीड यांना चांगले तोंड देते आणि आकार फारसा बदलत नाही. ते महाग असल्याने मोठ्या पृष्ठभागांसाठी सागरी प्लायवूड वापरतात. भारतीय मानक आयएस ७१० हे सागरी प्लायवूडचे मानक असून त्यात चिकटवणीची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतली जाते. घरगुती फर्निचरसाठी मिळणारा साधा प्लायवूड आणि भुशापासून बनवलेले तक्ते नौकेत लवकर फुगतात. सागरी प्लायवूडच्याही कापलेल्या कडांतून पाणी शिरते. त्यामुळे त्या बसवण्यापूर्वीच राळेने बंद कराव्या लागतात.

खिळे व स्क्रू यांसाठी तांबे, कांसे किंवा ३१६ प्रतीचे पोलाद योग्य ठरते. पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात झिजते आणि स्क्रू ठिसूळ होतो. जुन्या लाकडी कवचावर काचतंतूचा थर देण्याची पद्धत रूढ आहे. मात्र लाकूड पुरेसे कोरडे नसल्यास हा थर आतील कुज झाकतो आणि ती बाहेरून दिसेनाशी होते.

वीज, इंधन आणि स्वयंपाक

जुन्या केबिनमध्ये वेळोवेळी जोडलेल्या तारांचे जंजाळ हे आगीचे प्रमुख कारण ठरू शकते. नूतनीकरणात जुन्या तारा पूर्णपणे काढून कथिलाचा मुलामा असलेल्या बहुतारी तांब्याच्या तारा वापरणे, प्रत्येक मंडलाला स्वतंत्र फ्यूज देणे आणि मुख्य फ्यूज बॅटरीजवळ ठेवणे हितावह असते.

बंद जागेत वायूंचे वर्तन लक्षात घ्यावे लागते. शिसे-आम्ल बॅटरी भारित होताना बाहेर पडणारा हायड्रोजन हवेपेक्षा हलका असल्याने छताशी जमतो. याउलट स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा सुमारे दीड ते दोन पट जड असून गळती झाल्यास तो नौकेच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. घरातील गॅस दार-खिडकी उघडून घालवता येतो. नौकेचा तळ चारी बाजूंनी बंद असल्याने तो तेथेच राहतो. यासाठी बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूस वायुवीजन देतात, तर सिलिंडर केबिनबाहेर, डेकवरील अशा पेटीत ठेवतात जिचे तळाचे छिद्र थेट नौकेबाहेर उघडते.

वजन आणि स्थैर्य

केबिनमध्ये केलेला प्रत्येक बदल नौकेच्या गुरुत्वमध्यावर परिणाम करतो. छतावर नवी आसने, जड फरशी, पाण्याची टाकी किंवा सामानाची चौकट बसवल्यास गुरुत्वमध्य वर सरकतो आणि कललेल्या नौकेची पूर्वस्थितीत येण्याची क्षमता घटते. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी नौकेच्या हेलकाव्यासोबत एका बाजूला धावते. म्हणून मोठ्या टाक्यांत आडवे पडदे बसवतात. काढलेल्या व बसवलेल्या वस्तूंच्या वजनाची नोंद ठेवून जड वस्तू शक्य तितक्या खाली आणि मध्यरेषेजवळ ठेवणे हा मान्य नियम आहे.

सुरक्षा आणि नियम

राज्यातील प्रवासी जलवाहतुकीचे नियमन महाराष्ट्र सागरी मंडळ करते. अंतर्देशीय जलक्षेत्रातील नौकांना १९१७ च्या कायद्याची जागा घेणारा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू होतो. नोंदणीकृत नौकेत महत्त्वाचा बदल केल्यास त्याची नोंद करून घेणे आवश्यक असते. मासेमारी नौकांसाठी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू आहे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी नौकेला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर जीवरक्षक जॅकेटांचा प्रश्न ऐरणीवर आला. केबिनच्या रचनेशी त्याचा थेट संबंध आहे. जॅकेटे कुलूपबंद कपाटात किंवा सामानाखाली असल्यास आणीबाणीत ती हाती येत नाहीत. त्यामुळे ती आसनाखाली किंवा डोक्यावरील उघड्या मांडणीत ठेवणे, केबिनला एकाहून अधिक बाहेर पडण्याचे मार्ग ठेवणे, दारे आतून व बाहेरून उघडतील अशी करणे आणि अग्निशामक यंत्र दाराजवळ बसवणे या गोष्टी नूतनीकरणाच्या आराखड्यातच धरल्या जातात.

देखभाल

नूतनीकरण झालेल्या केबिनचे आयुष्य दैनंदिन निगेवर अवलंबून असते. नौका उभी असताना झडपा उघड्या ठेवणे, तळातील पाणी नियमित उपसणे, पहिल्या पावसात छताखाली बसून गळती शोधणे आणि रंगाला पडलेली लहान भेग त्याच आठवड्यात बंद करणे या साध्या सवयींनी मोठा खर्च टळतो. नारळी पौर्णिमेनंतर नौका पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी अंतर्भाग एकदा रिकामा करून पाहण्याची पद्धत त्या दृष्टीने उपयुक्त ठरते.

हे सुद्धा पहा

पनवेल
उरण
मोरा बंदर
भाऊचा धक्का
घारापुरी
नारळी पौर्णिमा