शेतीवरील ऑईल इंजिन आणि दुरुस्तीची परंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

यंत्राचा इतिहास सामान्यतः शोध, कारखाना आणि उद्योजक या तीन अंगांनी लिहिला जातो. कारखान्याबाहेर पडल्यानंतर यंत्राचे काय झाले, ते कोणी चालते ठेवले आणि त्यासाठी कोणते ज्ञान उपयोगी पडले, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास वापराच्या अंगाने लिहिण्याचा आग्रह धरला आणि देखभाल-दुरुस्तीला त्यात स्वतंत्र स्थान दिले. महाराष्ट्राच्या संदर्भात या दृष्टीचा विचार करावयाचा झाल्यास विहिरीवरील लहान ऑईल इंजिन हे अत्यंत बोलके उदाहरण ठरते. हे इंजिन ग्रामीण भागात टिकले ते केवळ उत्पादकाच्या कर्तृत्वामुळे नव्हे, तर ते उघडून पुन्हा जोडणाऱ्या मिस्त्रीमुळे, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

मोटेकडून इंजिनाकडे

दख्खनच्या पठारावरील विहिरींतून पाणी उपसण्याचे परंपरागत साधन म्हणजे बैलांची मोट. मोटेची दुरुस्ती गावातच होत असे. चामडे चांभार शिवी, चाक सुतार दुरुस्त करी, दोर मांग वळी आणि लोखंडी भागांचे काम लोहाराकडे असे. या सेवांचा मोबदला प्रामुख्याने बलुत्याच्या, म्हणजे धान्याच्या रूपाने दिला जाई. इंजिन आल्यावर ही साखळी तुटली. त्याचे सुटे भाग शहरातून येत, ते रोखीने घ्यावे लागत आणि दुरुस्त करणाऱ्याचे कौशल्य वतनाने मिळालेले नसून शिकून घेतलेले असे. विहिरीवरील इंजिनाने केवळ बैलांची जागा घेतली नाही. दुरुस्तीचे सामाजिक नातेही त्याने बदलले. बलुतेदारीच्या ऱ्हासाची चर्चा करताना ही बाजू फारशी लक्षात घेतली जात नाही.

निर्मितीची पार्श्वभूमी

इंग्लंडमधील डर्स्ली येथे १८६७ साली स्थापन झालेल्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास ‘सीएस’ हे संथ गतीचे डिझेल इंजिन बाजारात आणले. ‘सीएस’ म्हणजे ‘कोल्ड स्टार्ट’; इंजिन आधी तापवून न घेता हँडल मारून सुरू करता येई, हा त्याचा विशेष होता. पुढे गुजरातमधील राजकोट येथील अनेक लहान कारखान्यांनी याच धर्तीची इंजिने तयार केली. पाश्चात्त्य देशांतील जुन्या इंजिनांचे हौशी संग्राहक त्यांना ‘लिस्टरॉईड’ म्हणून ओळखतात.

महाराष्ट्रात या उद्योगाची पायाभरणी स्वतंत्रपणे झाली होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड येथे कारखाना उभारला आणि लोखंडी नांगरापासून शेतीच्या यंत्रांचे उत्पादन वाढवत नेले. सातारा जिल्ह्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिनाची निर्मिती केली. हेच कूपर १९३७ साली अल्पकाळ मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली.

यंत्राची रचना आणि दुरुस्तीची शक्यता

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग किंवा मॅग्नेटो नसतो. हवा दाबली जाऊन तापते आणि तीत फवारलेले इंधन पेट घेते. त्यामुळे बिघाडाची कारणे प्रायः दाब, इंधन, वंगण आणि थंडावा या चार गोष्टींभोवती फिरतात. परंतु सर्वच इंजिने दुरुस्तीला सारखी सोपी नव्हती. लिस्टर धर्तीच्या ६ अश्वशक्तीच्या इंजिनाचा धाव सुमारे १४० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला ६५० फेरे असे. म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर येतो. किर्लोस्करच्या ‘एव्ही-१’ या ५ अश्वशक्तीच्या इंजिनाचा धाव ११० मिलिमीटर व वेग १५०० फेरे असल्याने हाच आकडा ५.५ मीटर होतो. पहिल्याचे सिलिंडर सुमारे १४३० घनसेंटिमीटरचे, तर दुसऱ्याचे सुमारे ५५० घनसेंटिमीटरचे.

या आकड्यांचा दुरुस्तीशी निकटचा संबंध आहे. संथ गतीचे अवजड इंजिन झीज बराच काळ सहन करी आणि साध्या पान्यांनिशी विहिरीवरच उघडता येई. वेगवान इंजिन हलके होते, परंतु त्यातील कामात अधिक नेमकेपणा लागे. सिलिंडर झिजल्यास ते लेथवर बोअरिंग करून मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागे किंवा लायनर बदलावा लागे. इंधन पंपातील प्लंजर आणि बॅरल यांमधील फट काही मायक्रॉन इतकीच असते; असे भाग गावात घडविणे अशक्य होते. १९५१ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या ‘मायको’ कंपनीच्या देशी बनावटीच्या पंप व नोझलमुळे ही अडचण कमी झाली. परिणामी कामाची विभागणी झाली : रिंगा बदलणे, व्हॉल्व्ह घासणे, इंधनाच्या नळीतील एअर काढणे ही कामे शेतावर, तर बोअरिंग व नोझलची तपासणी तालुक्याच्या गावी.

मिस्त्रीचे ज्ञान

मिस्त्रीचे निदान मापयंत्रांपेक्षा इंद्रियांवर अधिक अवलंबून असे. काळा धूर म्हणजे इंजिनावर ताण अधिक किंवा हवा अपुरी. निळसर धूर म्हणजे झिजलेल्या रिंगांमधून वर चढून जळणारे वंगण. पांढरा धूर म्हणजे न जळलेले इंधन किंवा आत शिरलेले पाणी. डिकॉम्प्रेशन लिव्हर सोडून हँडल फिरविताना हाताला लागणाऱ्या जोरावरून दाबाचा अंदाज येई. बेअरिंग सैल झाल्याचे ठोक्याच्या आवाजावरून कळे.

या ज्ञानाला स्थानिक अंगही होते. पंपाच्या पाण्याचाच एक प्रवाह इंजिनाभोवती फिरवून ते थंड ठेवण्याची पद्धत रूढ होती. विहिरीचे पाणी जड असल्यास आत क्षारांचा थर साचून इंजिन तापे. ज्याला परिसरातील विहिरींचे पाणी ठाऊक होते, त्याला इंजिन उघडण्यापूर्वीच कारणाचा अंदाज येत असे. असे ज्ञान कंपनीच्या माहितीपुस्तिकेत सापडणे कठीण. ते हाताखाली राहून मिळविलेले असे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील मेकॅनिक डिझेल या अभ्यासक्रमाने त्याला प्रमाणपत्राची जोड दिली, तरी अनुभवाची जागा घेतली नाही.

विजेनंतरचा काळ

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाली आणि पुढील दशकांत विहिरींवर विजेचे पंप आले. इंजिनाचे महत्त्व घटले, परंतु ते नाहीसे झाले नाही. वीज न पोहोचलेल्या विहिरी, गुऱ्हाळे आणि पिठाच्या गिरण्या येथे ते टिकून राहिले. २००० च्या दशकातील भारनियमनात कोपऱ्यात पडलेली इंजिने पुन्हा उपयोगी पडली. बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू होऊ शकले, कारण ते चालू करणारा माणूस अद्याप होता.

याच इंजिनांचे दुसरे जीवन अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दिसते. ‘एव्ही-१’ व ‘टीव्ही-१’ या इंजिनांवर जैवइंधनाच्या चाचण्या घेऊन असंख्य शोधनिबंध सिद्ध झाले आहेत. यंत्राचा दाब, तापमान आणि धूर यांची नोंद दशांशापर्यंत उपलब्ध आहे. हाच धूर डोळ्यांनी वाचणाऱ्या मिस्त्रीची नोंद मात्र विरळाच आढळते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, विहिरीवरील यांत्रिकीकरण हे यंत्राच्या खरेदीने पूर्ण होत नसून दुरुस्तीच्या व्यवस्थेने पूर्ण होते. दुसरी, यंत्राची रचना ही दुरुस्ती कोठे व कोणी करावी हे ठरविते. म्हणून रचनेतील बदल हा सामाजिक बदलही असतो. तिसरी, या व्यवस्थेचा मुख्य आधार असलेले ज्ञान अलिखित आहे.

उद्योजकांची चरित्रे, कंपन्यांचे अहवाल आणि ‘किर्लोस्कर’सारख्या नियतकालिकांचे जुने अंक यांमुळे निर्मात्यांचा इतिहास लिहिता येतो. दुरुस्ती करणाऱ्यांचे दप्तर नसते. दुकानाची बिलबुके, घरी केलेली हत्यारे, जुन्या मापांच्या वह्या आणि वृद्ध मिस्त्रींच्या मुलाखती हीच त्यांची साधने होत, आणि त्यांतील शेवटचे साधन सर्वांत अल्पायुषी आहे. ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिक्षकांचे साहाय्य घेऊन हे संकलन करणे सहज शक्य आहे. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही; वेळेवर सुरुवात होणे मात्र आवश्यक आहे. इंजिन भंगारात गेले तरी त्याचा नमुना कोठेतरी उरतो. ते ऐकून दोष ओळखणारा कान गेला की त्याचा नमुना उरत नाही.