टँकरवरची पाटी

पाचगणीला पेट्रोल येतं ते वाईहून पसरणी घाट चढून, टँकरनं. त्या टँकरवरच्या पाटीवर ‘३ वाय ई’ असा संकेत असतो. त्याचं मोल कळायला १४ एप्रिल १९४४ची मुंबईची गोदी आठवावी लागते.

‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात कापूस, तेलाची पिंपं आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. दुपारी कापसानं पेट घेतला. आत काय आहे हे अधिकाऱ्यांना कळलं होतं. पण जहाज बुडवायचं की बाहेर ओढून न्यायचं, यावर एकमत होईना. बंब पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले.

म्हणजे उणीव माहितीची नव्हती, निर्णयाची होती. जाणणं आणि करणं यांतलं अंतर ते हेच.

पाटीवरचा संकेत ते अंतर कमी करतो. ३ म्हणजे फेस मारा. नुसत्या पाण्यावर पेट्रोल तरंगतं, आग पसरते. ई म्हणजे आसपासची माणसं हलवण्याचा विचार करा. शांत डोक्यानं आधीच घेऊन ठेवलेला हा निर्णय आहे. तेव्हा घाटात टँकर उलटला, तर बादली घेऊन धावू नका. लांबूनच पाटी वाचा आणि १०१ला कळवा.