कुणब्याची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतल्या दुकानदाराच्या पाटावर चोपडी येते. तिच्यावर गंधाचे स्वस्तिक निघते, हळदकुंकू वाहिले जाते आणि पाडव्यापासून तिच्यात नव्या वर्षाचा जमाखर्च सुरू होतो. शेतकऱ्याच्या घरीही त्याच्या धंद्याच्या साधनांची पूजा होते. दसऱ्याला अवजारांची होते, पोळ्याला बैलांची होते. परंतु वही त्याच्या पाटावर कधी येत नाही, कारण वही त्याच्यापाशी नसते.

नसते म्हणजे त्याच्याविषयी काही लिहिलेलेच नसते, असे मात्र नाही. त्याची जमीन तलाठ्याच्या दप्तरात लिहिलेली असते, कर्ज सावकाराच्या खात्यात आणि पुढे सोसायटीच्या खात्यात लिहिलेले असते, मालाचा भाव अडत्याच्या पट्टीवर लिहिलेला असतो. ज्याच्याविषयी इतरांनी इतके लिहिले आणि ज्याने स्वतः इतके थोडे लिहिले, असा दुसरा माणूस आपल्या समाजात सापडणे कठीण. मग प्रश्न असा उरतो की, हा माणूस जेव्हा केव्हा स्वतः लिहावयास बसला, तेव्हा काय झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मला फार लांब जावे लागले नाही. मी वाकडचा मास्तर. माझ्या गावापासून एका दिवसाच्या चालीत देहू आहे, चाकण आहे, आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात सुपे आहे.

देहूपासून सुरुवात करू. तुकोबांनी स्वतःला कुणबी म्हणवून घेतले आणि तसे असल्याबद्दल देवाचे आभारही मानले. त्यांच्या घरी शेती होती, देहूच्या पेठेची महाजनकी होती आणि व्याजबट्ट्याचा व्यवहारही होता. म्हणजे या कुणब्याच्या घरी वही होती; पण ती देणेघेणे मांडण्याची. इ. स. १६२९ ते १६३१ च्या दुष्काळाने ते घर मोडले. थोरली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दिवाळे निघाले. त्यानंतरची हकीकत महिपतीने ओवीबद्ध करून ठेवली आहे. तुकोबांनी घरातली कर्जखते काढली, अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ज्या कुळांकडून येणे होते, ती कुळेही त्याच दुष्काळात भाजून निघाली होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पुढे याच माणसाने दुसऱ्या वह्या लिहिल्या. त्या अभंगांच्या. त्या लिहिण्याचा त्याला अधिकार नाही असे ठरले आणि त्याही इंद्रायणीत गेल्या. एकच नदी, एकच माणूस आणि दोन प्रकारचे कागद. पहिले त्याने आपल्या हाताने बुडवले, दुसरे त्याला बुडवावे लागले. पहिले वर यावेत असे कोणाच्याच मनात आले नाही. दुसरे तेराव्या दिवशी वर आले असे वारकरी मानतो, आणि ज्याची तशी श्रद्धा नाही त्यालाही एवढे कबूल करावे लागते की, ते लोकांच्या तोंडी राहिले.

तोंडी राहिलेले कागदावर ठेवण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते. ते तेली. तेलाच्या विक्रीत मापाचा आणि उधारीचा हिशेब ठेवावा लागतो. त्यांचा हात लेखणीला सरावला असेल तर तो त्यामुळेच, असे मला वाटते. त्यांच्या वंशात जपून राहिलेल्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास तुकोबांचा 'अस्सल गाथा' म्हणून छापला. संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. आज चाकणला मोटारींचे कारखाने पाहायला लोक येतात. त्यांनी वाट थोडी वाकडी करून सुदुंबऱ्याला जावे. एका तेल्याच्या हस्ताक्षराचे आपल्यावर किती उपकार आहेत, ते तेथे कळते.

तुकोबांनी बुडवले ते कर्जखत. परंतु सगळेच सावकार तुकोबा नसतात. अडीचशे वर्षे गेली आणि याच जिल्ह्यातल्या कुळांना तो कागद नाहीसा करण्याची पाळी आली. त्यांनी पाण्याऐवजी अग्नी निवडला. १२ मे १८७५ रोजी सुप्याला जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले आणि ते जाळले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला होता, सारा वाढला होता, आणि सावकाराने हात आखडता घेतला होता. पण रोख्यांवरच राग का, याचे कारण एका कायद्यात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा ३ वर्षेच चालेल असे ठरले. हेतू असा की, कुळावर व्याजाचा डोंगर चढू नये. झाले उलटेच. सावकार दर ३ वर्षांनी नवा रोखा करून घेई, त्यात थकलेले व्याज मुद्दलात घाली आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू करी. चौकशी करणाऱ्या कमिशनपुढे १०० रुपयांच्या कर्जावर २००० रुपयांहून अधिक व्याज लावल्याचे उदाहरण आले. कुळाने खाली अंगठा उमटवलेला असे. वर काय लिहिले आहे, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

या दंग्यानंतर १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे त्यात होते. या कायद्यातले एक कलम मला नेहमी विचार करायला लावते. कुळाने पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळावी, मागितल्यास खात्याचा उतारा मिळावा, खातेपुस्तक मिळावे, असे त्यात ठरले. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात त्याच्या स्वतःच्या व्यवहाराचा कागद असावा, हे मान्य करायला सरकारला आधी वह्यांची होळी पाहावी लागली.

कागद घरात आला तरी वाचणार कोण? १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यांची स्वतःची मांजरीला शेती होती. लिहून होईल तसतसा तो मजकूर त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. ज्यांच्यासाठी लिहिले त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून लेखकानेच गावोगाव वाचक व्हायचे, असा हा प्रकार. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेल्या 'दीनबंधू'त त्याचे पहिले दोन भाग छापून आले आणि पुढचे छापायचे थांबले. लिहिणारा मिळाला, ऐकणारा मिळाला, छापणारा मात्र कचरला. मधल्या काळात जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींचे उदाहरण आहेच. त्यांना लिहिता येत नव्हते. घरातल्या मुलांनी टिपून ठेवले म्हणून १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने आली. न टिपलेले किती गेले असेल, ते जात्यालाच माहीत.

आता पुन्हा चाकणकडे वळू. १९७६ साली शरद जोशी नावाचे एक गृहस्थ स्वित्झर्लंडमधल्या आंतरराष्ट्रीय टपाल संघाची नोकरी सोडून परत आले आणि त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. त्या शेताला पुढे अंगारमळा म्हणू लागले आणि त्याच नावाचे त्यांचे पुस्तकही आहे. ते जन्माने कुणबी नव्हते आणि गरीबही नव्हते. परंतु शेजारच्या कुणब्याने जे सहसा केले नव्हते ते त्यांनी केले. पीक घेतले आणि त्याचा खर्च लिहून ठेवला. बी, खत, मजुरी, वाहतूक, सगळे. हिशेब मांडल्यावर दिसले ते असे की, नीट कष्ट करूनही विक्रीतून खर्च निघत नाही. बाजारात एक शब्द आहे, उलटी पट्टी. माल विकून आलेली रक्कम हमाली, तोलाई, अडत आणि गाडीभाडे यांनाच पुरत नाही आणि वरची तूट माल घेऊन गेलेल्यानेच भरायची, ती उलटी पट्टी. शेतकरी तिला नशीब म्हणत होता. वहीत मांडली तेव्हा ती बेरीज-वजाबाकी ठरली.

१९७९ साली चाकणला शेतकरी संघटना उभी राहिली, 'वारकरी' नावाचे साप्ताहिक निघाले आणि १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकरी पुणे-नाशिक रस्त्यावर बसले. जोशी २०१५ साली वारले. त्यांच्या राजकारणाविषयी आणि अर्थशास्त्राविषयी मतभेद पुष्कळ आहेत. मला येथे एवढेच म्हणायचे आहे की, त्या सगळ्याच्या मुळाशी शेतातल्या जमाखर्चाची एक वही होती, आणि साप्ताहिकाला नाव सुचले ते देहूच्या वाटेने चालणाऱ्या माणसाचे.

आमच्या वाकडमध्ये आता शेती औषधापुरती राहिली आहे. म्हातोबाचे बगाड अजून हिंजवडीहून निघते, पण ते उंच इमारतींच्या सावलीतून येते. अशा गावात माझ्या ओळखीचे एक अल्पभूधारक शेतकरी आहेत. सातवीपर्यंत शिकलेले, साठी ओलांडलेले. मेथी, कोथिंबीर, थोडा कांदा काढतात आणि पिंपरीच्या मंडईत नेतात. त्यांनी गेल्या गुढीपाडव्यापासून या गुढीपाडव्यापर्यंत दोनशे पानी वहीत रोज काही ना काही लिहिले. नातवाची उरलेली वही होती, वाया जाऊ नये एवढाच हेतू. वर्ष संपल्यावर ती घेऊन ते माझ्याकडे आले.

पहिले दोन महिने नुसता हिशेब आहे. मग पाऊस येतो, मुळेच्या पाण्याचा रंग येतो, कोणाच्या मयताला गेलो ते येते. श्रावणात एका पानावर हात थांबलेला दिसतो. ते मला म्हणाले, "गुरुजी, खुरपायला आलेल्या बायांचा रोज मी लिहीत होतो. घरची बाई त्यांच्याच ओळीत बसून खुरपत होती, तिचा काही लिहिला नाही. तो धरला, तर मेथी फुकट गेली बघा." त्या पानापासून वहीत एक उभी रेघ वाढली आहे आणि तिच्या डोक्यावर 'घरचे' असे लिहिले आहे. माझ्या मते जोशींच्या आंबेठाणच्या हिशेबाइतकाच हा शोध मोठा आहे, आणि त्यांनी तो कोणाचे भाषण न ऐकता लावला.

शेवटच्या महिन्यात आणखी एक गोष्ट आहे. त्यांनी वावरांची नावे लिहून काढली आहेत. स्वतःची आणि शेजाऱ्यांची. चिंचेचे वावर, खालची पट्टी, म्हातारीचा मळा. यांतले एकही नाव सात-बारावर नाही. तेथे गट नंबर असतो, क्षेत्र असते, आकार असतो. म्हातारीच्या मळ्यावर आता बावीस मजल्यांची इमारत आहे आणि तिला कोणत्यातरी परदेशी शहराचे नाव आहे. ती म्हातारी कोण होती, हे या वहीत एका ओळीत सांगितले आहे. दुसरीकडे कोठे सांगितलेले नाही.

लिहून काय मिळाले, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "पैका नाही मिळाला. पण आता कागद समोर आला की आधी वाचावा वाटतो." तसा कागद त्यांच्यासमोर आलेलाच आहे. उरलेली तीस गुंठे बांधकामाला द्यावीत असा मुलांचा आग्रह आहे आणि कराराचा मसुदा तयार आहे. त्यांनी तो चार वेळा वाचला. चतुःसीमा लिहिल्या आहेत त्या ठिकाणी 'चिंचेचे वावर या नावाने ओळखली जाणारी जमीन' एवढे शब्द घालावेत, असे त्यांनी वकिलांना सांगितले. कायद्याने त्याची जरुरी नाही, असे उत्तर आले. जमीन द्यायची की नाही, हे त्यांच्या घरात अजून ठरायचे आहे, आणि त्यावर मत देण्याचा अधिकार मला नाही. पण ते शब्द आल्यावाचून सही करायची नाही, एवढे त्यांनी ठरवले आहे. मसुदा दुरुस्तीला परत गेला आहे, तो गेल्याची तारीख नव्या वहीत लिहिलेली आहे, आणि खाली त्या दिवशी विकलेल्या कोथिंबिरीचा भाव आहे.