गोंडघर फाट्यावरची चांदी

१२ मार्च १९९३. दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या तळघरात पहिला स्फोट झाला. पुढच्या दोन-सव्वादोन तासांत शहरभर साखळी स्फोट झाले. २५७ जण मेले, ७१३ जखमी झाले. तो दिवस सर्वांना ठाऊक आहे. निकालपत्रं वाचताना मी मात्र अडखळतो तो ९ जानेवारीच्या रात्रीपाशी.

त्या रात्री रायगडात दिघीला माल उतरला. चांदी आणि तिच्याबरोबर शस्त्रं. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या. अडवल्या, हे महत्त्वाचं. ‘यंत्रणा झोपली होती’ हे नेहमीचं वाक्य इथं चालत नाही. सौदा ठरला. रोकड हाताशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून गाड्या पुढे गेल्या.

या तपशिलांचा बराच भाग टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या कबुलीजबाबांतून येतो. ते वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांसमोर नोंदवलेले, आणि पुढे अनेकांनी फिरवलेले. त्यामुळे निरनिराळे जबाब, साक्षी आणि पंचनामे जिथं एकमेकांशी जुळतात, तेवढ्यावरच भिस्त ठेवलेली बरी.

जानेवारीच्या अखेरीस कस्टम्सच्या वरिष्ठांचा लेखी इशारा निघाला होता: चांदी-सोन्याबरोबर शस्त्रंही किनाऱ्यावर येतील. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शेखाडीला स्फोटांचा सूत्रधार टायगर मेमनचा माल दोनदा उतरला. वांगणी टॉवरला तो उघडून गाड्यांच्या चोरकप्प्यांत भरला गेला. त्यात आरडीएक्स होतं. टाडा न्यायालयानं पुढे कस्टम्सचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांना दोषी ठरवलं. चांदीसाठी रुळलेली वाट होती. तिच्यावरून स्फोटकं आणायला नवा रस्ता शोधावा लागला नाही.

ती स्फोटकं वापरण्याचं कारण मात्र मुंबईत घडत होतं. ९ जानेवारीला शहर पेटलेलंच होतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३च्या दंगलींत ९०० माणसं मेली. स्फोट घडवणाऱ्यांना पाकिस्तानात मिळालेलं प्रशिक्षण सर्वोच्च न्यायालयानं २०१३च्या निकालात नोंदवलं. दंगल आणि स्फोट यांतला कार्यकारणसंबंध मात्र दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगानं मांडला. हा आयोग राज्य सरकारनं जानेवारी १९९६मध्ये गुंडाळला होता. मे महिन्यात तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा कार्यकक्षेत स्फोटांची भर पडलेली होती. ही भर कशासाठी, याचा तर्क वाचकानं करावा. निष्कर्ष मात्र भर घालणाऱ्यांच्या सोयीचा निघाला नाही.

किनाऱ्यावरची ही वाट रोखायला स्फोटांनंतर समुद्रावर १९९३मध्येच ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त सुरू झाली. २६ नोव्हेंबर २००८ला दहा हल्लेखोर तरीही रबरी होडीतून मुंबईत बधवार पार्कजवळ उतरले.

स्फोटांच्या खटल्यात १०० जण दोषी ठरले; टायगरचा भाऊ याकूब मेमनला ३० जुलै २०१५ला नागपुरात फाशी झाली. दंगलींच्या शेकडो फायलींवर मात्र पोलिसी भाषेतला छोटा शेरा आहे: ‘अ समरी’. गुन्हा खरा, आरोपीचा शोध लागत नाही.