लुगड्याच्या तुकड्यापासून पाच रुपयांच्या पाकिटापर्यंत

आज आम्ही बोलणार आहोत पाळीच्या कापडाबद्दल. लढायांचा इतिहास शाळेत शिकवतात, याचा कुणी शिकवत नाही.

आपला मुलूख कापसाचा. 1870 साली जलंब ते खामगाव रेल्वे झाली ती कापसासाठीच. खामगावच्या बाजारातून गाठी मुंबईला आणि पुढं इंग्लंडच्या गिरण्यांना जायच्या. तो कापूस वेचणारी बाई मात्र महिन्याचे चार दिवस जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर काढायची. 'कावळा शिवला' की बाजूला बसायचं. आमच्या गटातल्या थोरल्या बाया हसून सांगतात, शिवाशीव चुलीपुरती आणि देवापुरती होती, निंदणाला ती कधी आड आली नाही!

कापड वाईट होतं असं आम्ही म्हणणार नाही. स्वच्छ सुती कापड साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवलं तर आजही चालतं. वाईट होतं ते लपवणं. गोठ्यामागं, दुसऱ्या लुगड्याखाली वाळत घातलेलं कापड ओलसर राहायचं. मग खाज, जळजळ, आणि तेही कुणाला सांगायचं नाही. उन्हाळ्यात तर धुवायलाच पाणी नसायचं.

बोलणारी माणसं नव्हती असं नाही. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून बाईसाठीचे नियम कुणी ठरवले, असा रोखठोक जाब विचारला. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून शरीराबद्दल उघडपणे लिहिलं, त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. पण ते मासिक आपल्या वाडीवस्तीवर कुठून येणार?

विकतचं पॅड आलं लांबून. पहिल्या महायुद्धात जखमांसाठी लाकडाच्या लगद्याची पट्टी केली होती. नर्सबायांनी ती पाळीसाठी वापरून पाहिली, आणि 1920 साली अमेरिकेत तशी पॅड दुकानात आली. आपल्या गावच्या दुकानात ती यायला कितीतरी दशकं गेली. आली तीही कागदात गुंडाळून, चोरीचा माल असल्यासारखी.

सरकारनं 2010 साली गावातल्या मुलींसाठी सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना, आशाताईंच्या हातून द्यायची योजना आणली. पुढं 1 जुलै 2017 ला त्याच पॅडवर 12 टक्के जीएसटी लागला. देशभरातल्या बायकांनी आरडाओरडा केला, तेव्हा जुलै 2018 मध्ये तो निघाला.

आम्हाला मोलाची वाटते ती महाराष्ट्राची अस्मिता योजना. 8 मार्च 2018 ला ती सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेतल्या 11 ते 19 वर्षांच्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत, म्हणजे एक पॅड 63 पैशांनाही नाही. इतर बायांना 24 रुपयांत. मागणी मोबाइलवर नोंदवायची आणि विक्री करायची ती बचत गटानं. खरी गोष्ट इथं होती. दुकानदारासमोर मान खाली घालणारी पोर गटातल्या मावशीकडून पाकीट घेताना हळूच विचारायची, "मावशी, पोटात इतकं का दुखतं हो?" मावशीलाही उत्तर शोधावं लागायचं. आमच्या मते पॅडपेक्षा ते विचारणं मोठं होतं.

मग 2020 चा मार्च आला. टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या. अत्यावश्यक वस्तूंत सॅनिटरी पॅडही आहेत, हे केंद्राला 29 मार्चला वेगळं कळवावं लागलं. पुढं अस्मिताही थंडावली. ऑगस्ट 2019 पासून जनऔषधी दुकानात एक पॅड एक रुपयाला मिळतं, ते खरं. पण दुकान आपल्या गावात नसलं तर एसटीच्या अर्ध्या तिकिटातही ते महागच पडतं.

म्हणून गटाला आमचं सांगणं आहे. तालुक्याला जाणाऱ्या बाईनं सगळ्यांची पाकिटं एकदम आणावीत आणि हिशेब बचतीच्या वहीत उघड लिहावा. कापड वापरणारीनं ते दोरीवर उन्हात टाकावं. पॅड असो की कापड, चार-सहा तासांनी बदलावं. पाळी साधारण 21 ते 35 दिवसांनी येते, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. आणि तासाभरात पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, तर पाळी संपायची वाट न पाहता आशाताईला सोबत घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.