ट्रकवाहतुकीतील जीपीएस व वेळनोंद (कळवण परिसर)

कळवण (जि. नाशिक) तालुक्याच्या मालवाहतुकीत गेल्या दशकात दोन प्रकारची साधने रुळली. एक रस्ता दाखवणारे, म्हणजे चालकाच्या फोनमधला नकाशा. दुसरे गाडीचा माग ठेवणारे, म्हणजे गाडीत बसवलेला ट्रॅकर आणि काचेवरचा फास्टॅग. चालकाने सलग किती तास स्टिअरिंग धरले हे नोंदवणारे तिसरे साधन अमेरिकेत आणि युरोपात सक्तीचे आहे. भारतात तशी सक्ती नाही. कळवणहून निघणाऱ्या गाडीची हालचाल मिनिटामिनिटाने नोंदली जाते, पण ती चालवणाऱ्या माणसाच्या झोपेची नोंद कुठेच होत नाही. या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

माल आणि रस्ते : गिरणाकाठच्या या तालुक्यात रेल्वे नाही, त्यामुळे कांदा, डाळिंब, टोमॅटो सगळे रस्त्यानेच बाहेर पडते. कळवण बाजार समितीत आणि अभोण्याच्या उपबाजारात लिलाव झाला, की कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो. तिथे निवड होते, गोण्या भरल्या जातात आणि भराई उरकली की गाडी निघते. पूर्वेला देवळामार्गे चांदवड किंवा सौंदाणे गाठले की मुंबई–आग्रा महामार्ग लागतो. दक्षिणेला नांदुरी, वणी, दिंडोरी करत नाशिक. पश्चिमेला सुरगाण्याकडून किंवा वणी–सापुतारा रस्त्याने गुजरात. चाळीत महिनोन्‌महिने टिकणारा उन्हाळ कांदा ताडपत्रीखाली कोंडला की तापतो, ओल धरतो, त्याला कोंब फुटतात. शिवाय गाडी वाटेत असतानाच पुढच्या बाजारात भाव उतरू शकतो. चालकाच्या मागे जी घाई लागते, तिचे मूळ यंत्रात नाही, या मालात आहे.

जीपीएसचे काम : अमेरिकी संरक्षण खात्याने उभारलेल्या या व्यवस्थेचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवरून वेळेचे संकेत पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की फोन स्वतःचे ठिकाण काढतो. नागरी वापरासाठीचे संकेत पूर्वी मुद्दाम ढोबळ ठेवले जात. ते बंधन २ मे २००० रोजी उठले आणि गाडीतले दिशादर्शन खऱ्या अर्थाने उपयोगी झाले. भारताच्या स्वतःच्या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी, तर मूळ सात उपग्रहांपैकी शेवटचा २८ एप्रिल २०१६ रोजी सोडला गेला. ‘नाविक’ हे नाव तिला त्याच वेळी मिळाले.

ठिकाण कळायला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नेटवर्क लागते ते नकाशाचे चित्र उतरवून घ्यायला आणि ठिकाण मालकाला कळवायला. म्हणून तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागात रेंज गेली, की फोनवर निळा ठिपका चालत राहतो आणि भोवतीचा नकाशा कोरा पडतो. नकाशा आधीच उतरवून ठेवणारा चालक तिथे अडत नाही.

नकाशाला न दिसणारे : फोनमधला सर्वसाधारण नकाशा मोटारगाडी गृहीत धरतो. गाडीत किती टन माल आहे, ताडपत्रीसह उंची किती झाली, वळणावर मागची चाके कुठे येतील, हे त्याला सांगायची सोयच बहुधा नसते. दहा मिनिटे वाचवणारी वाट म्हणून तो शिवारातला अरुंद रस्ता सुचवतो. तिथे समोरून उसाचा किंवा कांद्याचा ट्रॅक्टर आला, की एकाला मागे घ्यावेच लागते. पावसाळ्यात फरशी पुलावर पाणी चढले, तर ते सर्वांत आधी काठच्या गावाला कळते. नांदुरीहून सप्तशृंग गडावर जाणारा घाटरस्ता गडावरच संपतो. तिथून पुढे कुठे जाता येत नाही.

सप्तशृंगी देवीच्या चैत्रोत्सवाच्या दिवसांत खानदेशातून हजारो भाविक पायी गडाकडे येतात. उन्हाचा ताप चुकवायला ते रात्री चालतात, रस्त्याच्या कडेने, डोक्यावर बोचके घेऊन. नकाशावर तो रस्ता मोकळाच दिसतो. नवरात्रात गडाच्या घाटात खासगी वाहने बंद असतात, कोजागिरीला कावडधारकांची गर्दी असते. परिसरातला जुना चालक हे दिवस पंचांगासारखे ध्यानात ठेवतो. बाहेरून भाड्याने आलेल्या चालकाला ते सांगणे हे भराई करणाऱ्यांचे आणि ट्रान्सपोर्टवाल्याचे काम आहे आणि ते दरवेळी सांगितले जायला हवे.

फोन येण्याआधी ही माहिती ढाब्यावर मिळे. मैलाच्या दगडाचा पिवळा माथा राष्ट्रीय महामार्ग सांगे, हिरवा राज्य महामार्ग. क्लीनर शेजारी बसून वाट शिकत पुढे चालक होई. आता अनेक गाड्यांवर क्लीनर उरलेला नाही. त्याचा पगार वाचला. पण मागे घेताना खाली उतरून बघणारा आणि रात्री बोलून चालकाला जागे ठेवणारा माणूसही केबिनमधून गेला.

माग ठेवणारी साधने : १ एप्रिल २०२० पासून धूरप्रदूषणाच्या बीएस-६ मानकाची वाहने आली आणि मोठ्या ट्रकमध्ये कंपनीनेच बसवलेली माहितीयंत्रणा वाढली, टाटा मोटर्सची ‘फ्लीट एज’ त्याच वर्षीची. इंजिन कधी सुरू झाले, वेग किती, गाडी किती वेळ उभी, हे मालकाला घरबसल्या दिसते. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर अनिवार्य झाला. गाडीने चांदवडजवळचा किंवा पिंपळगाव बसवंतचा नाका ओलांडला, की पैसे कापल्याचा संदेश खातेदाराच्या, म्हणजे बहुतेक वेळा मालकाच्या, फोनवर येतो. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोंतून निघणाऱ्या टँकरवर तर तेल कंपन्यांचीच देखरेख असते. ‘कुठे पोचलास?’ ही मालकाची जुनी विचारणा होती. आता तो विचारतो, ‘का थांबलास?’

ताज्या कांद्याला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, लागत नाही. परतीच्या फेरीत करपात्र माल भरला, की ते लागते आणि त्याला मुदत असते : १ जानेवारी २०२१ पासून साधारण मालासाठी दर २०० किमीला एक दिवस, त्याआधी दर १०० किमीला एक दिवस. हा बदल कागदाचा वेळ निम्म्यावर आणणारा होता आणि त्याचा ताण अखेर चालकावर आला.

कामाचे तास : मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, लांबच्या मार्गांवर ती १० आणि ५४ तासांपर्यंत वाढवता येई. पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती द्यावी, असेही त्यात होते. मात्र तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता, म्हणजे एक-दोन गाड्यांचा मालक सुटला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ९१ ने हीच मर्यादा परिवहन वाहनांच्या चालकांसाठी पुढे नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली आहे.

नाशिकहून दिल्ली सुमारे १,३०० किमी. ताशी सरासरी ४० किमी धरली तर साडेबत्तीस तास नुसते चालवण्यात जातात. दिवसाला १० तासांच्या हिशोबाने एकट्या चालकाला चौथ्या दिवशी पोचता येईल. कांद्याचा व्यापारी इतका थांबायला क्वचितच तयार असतो. दोन चालक दिले तर भाडे परवडत नाही असे मालक म्हणतो, आणि महामार्गावरच्या राहुड घाटाचा उतार पहाटे तीनला एकट्याने उतरायची पाळी चालकावर येते.

अमेरिकेत १८ डिसेंबर २०१७ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकना इंजिनाला जोडलेले वेळनोंद-यंत्र लागते. सलग दहा तास विश्रांतीनंतर फार तर अकरा तास चालवता येते. युरोपात २००६ पासून नव्या ट्रकमध्ये डिजिटल टॅकोग्राफ, म्हणजे तिथले वेळनोंद-यंत्र, असतो. साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावेच लागते. तिथे नोंदीचे कार्ड चालकाच्या नावाचे असते. मालक बदलला, गाडी बदलली, तरी कार्ड त्याच्यासोबत जाते, आणि जादा चालवायला लावले तर पुरावा त्याच्या खिशात असतो. तिथल्या चालकांच्याही तक्रारी आहेत : वाहनतळ भरलेले असतात, घड्याळ थांबत नाही. तरीही थांबण्याचा हक्क यंत्रात लिहिलेला असणे ही मोठी गोष्ट आहे.

भारतात सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत आणि डुलकी ओळखणारे संवेदक बसवावेत, असे सुचवले. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन अनिवार्य झाले. वैशाखात कळवणहून निघणाऱ्या चालकाला ते फार आधी मिळायला हवे होते.

तासांच्या नोंदीसाठी फार नवे काही बसवावे लागेल असेही नाही. इंजिन सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ ट्रॅकरमध्ये आजही साठते. ती चालकाच्या नावाने वेगळी काढून त्याच्याच फोनवर रोज पाठवली, तर खळ्यावर नवी भराई सुरू होताना ‘काल मी चौदा तास चालवली आहे’ हे त्याला दाखवता येईल.