गाउसच्या कितीतरी आधी

दहावीला आपण एकसामयिक समीकरणे एकाखाली एक मांडतो, सहगुणक सारखे करतो आणि वजाबाकीने एका चलाचा लोप करतो. चीनमध्ये हान राजवटीत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, हेच काम काड्या मांडून चाले. 'नऊ प्रकरणांचे गणित' या तिथल्या ग्रंथाचे आठवे प्रकरण याच रीतीला दिलेले आहे. त्यात 18 उदाहरणे आहेत.

पहिलेच घ्या. उत्तम पिकाच्या 3 पेंढ्या, मध्यमच्या 2 आणि हलक्याची 1 मिळून 39 तौ (धान्याचे एक माप) धान्य निघते. 2, 3, 1 पेंढ्यांचे 34 आणि 1, 2, 3 पेंढ्यांचे 26. तर प्रत्येक प्रतीच्या एका पेंढीत किती? प्रत्येक अट एका उभ्या रांगेत, उजवीकडून डावीकडे. अज्ञाताला अक्षर नाही. रांगेतली जागा हीच त्याची ओळख. मधल्या रांगेला 3 ने गुणायचे: 6, 9, 3, 102. त्यातून उजवी रांग दोनदा वजा केली की वरची जागा रिकामी होते आणि खाली 5, 1, 24 उरतात. डावीलाही 3 ने गुणून उजवी एकदा वजा: 4, 8, 39. मग या डावीला 5 ने गुणायचे, मधली चारदा काढायची. उरतात फक्त 36 आणि 99. हलकी पेंढी 2¾ तौ. तिथून उलटे येत मध्यम 4¼, उत्तम 9¼.

आधी गुणायचे आणि मगच वजा करायचे, यामुळे रांगा मोकळ्या करताना अपूर्णांक येतच नाहीत. मला ही या रीतीतली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. वजाबाकीत कधी लहानातून मोठे काढावे लागे. म्हणून ऋण संख्यांचे नियमही याच प्रकरणात आले. इ.स. 263 मध्ये टीकाकार ल्यू ह्वेईने धन संख्यांना लाल आणि ऋण संख्यांना काळ्या काड्या सांगितल्या.

आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त अज्ञातांना कालक, नीलक अशी रंगांची नावे आहेत. प्रत्येक समीकरणातून एकाच रंगाची किंमत काढायची आणि त्या किमती समान मानून तो रंग घालवायचा, ही त्यांची वाट.

युरोपात न्यूटनच्या 1707 साली छापलेल्या व्याख्यानांतून लोपाची रीत पाठ्यपुस्तकांत रुळली. गणितज्ञ गाउसने 1810 मध्ये पॅलस या लघुग्रहाच्या कक्षेसाठी तिची आटोपशीर मांडणी बसवली. खगोलशास्त्रज्ञ आणि भूमापकांनी ती उचलली. गाउसचे नाव तिला पक्के चिकटले ते विसाव्या शतकात, संगणक आल्यावर. त्याने स्वतः 1809 च्या ग्रंथात तिला नेहमीचा, सर्वांना माहीत असलेला लोप म्हटले होते.